बेटावरच्या बाईचं भांडं

माझ्या सुनेच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि डॉक्टरीणबाईंनी तिला झोपून राहायला सांगितलं, तेव्हापासून मी बेटावर जायला लागले.

हे बेट कॉम्प्युटरमधलं. जुना खेळ आहे, सून शाळेत होती तेव्हाचा. सोलापूरला तिच्या वडिलांनी कुणाकडून तरी वापरलेला कॉम्प्युटर घेतला होता, त्याच्याबरोबर ह्या खेळाच्या चार तबकड्या आल्या होत्या. लग्न होऊन आमच्याकडे वारज्याला आली तेव्हा तिने त्या कपड्यांच्या घडीत घालून आणल्या. मी कपाट लावायला मदत करत होते, मला वाटलं गाण्यांच्या असतील. विचारलं नाही.

मी फारसं विचारतच नाही कुणाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. माहेरी, मांजरी गावात, आमच्या वस्तीपासून पुढची शाळा लांब होती आणि घरात धाकटी भावंडं होती. पुढे लग्न होऊन पेठेत आले, दोन खोल्यांत संसार केला, साड्यांना फॉल लावून दिले, त्यातच वर्षं गेली. फॉल लावताना मान खाली असते, बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला आवडायचं. बायका साडी द्यायला आल्या की मी पिशवी घ्यायची, रंग जुळवायचा, मान हलवायची. लिहायला मात्र मला बरं वाटतं, कारण लिहिताना समोर कुणी नसतं. हे मी कुणाला दाखवणार नाही.

सुनेचं आणि माझं भांडण कधीच नव्हतं. बोलणंही नव्हतं. "चहा?" "हो, आई." एवढंच. ती दिवसभर तिच्या कंपनीचं काम करायची, मी माझं. तीही कमी बोलणारी. दोन मुक्या बायका एका घरात असल्या की घर शांत राहतं, पण त्या शांततेत नुसती पंख्याची घरघर ऐकू येते.

गेल्या वर्षी तिचं पहिलं बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. त्यावर घरात कुणी बोललं नाही. मुलगा कामावर जाऊ लागला, सून कामाला बसू लागली, मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले, तिने ते खाल्ले. ह्या खेपेला दिवस राहिले आणि डॉक्टरीणबाईंनी लगेच टाका घातला. म्हणाल्या, "पिशवीचं तोंड सैल आहे. उठायचं ते फक्त बाथरूमसाठी. बाकी डाव्या कुशीवर पडून राहायचं." घरी येताना गाडीत सून खिडकीबाहेर बघत होती. मुलगा प्रत्येक खड्ड्यापाशी गाडी इतकी हळू करायचा की मागचे लोक भोंगे वाजवायचे, आणि हे पुढच्या सीटवरून काच खाली करून म्हणायचे, "या, तुम्ही आधी जा, तुमचं घरी गॅसवर काहीतरी उकळतंय वाटतं."

पडून राहणं सोपं नसतं. पहिले काही दिवस तिने मोबाइल पाहिला, मग तोही पालथा टाकला. छताकडे बघायची. मी जेवणाचं ताट घेऊन गेले की डोळे पुसायची आणि "ठेवा आई" म्हणायची. मला बघवेना. डोक्यात वाक्यं तयार व्हायची, पण दारापर्यंत जाईस्तोवर ती विरून जायची.

एका रविवारी मुलाने तिचा तो जुना खेळ नव्या कॉम्प्युटरवर चालतो का ते पाहायला घेतलं. चालेना. दिवसभर खटपट केली, चहावर चहा झाला, आणि संध्याकाळी एकदम खोलीतून समुद्राचा आवाज आला. मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून दारात गेले. पडद्यावर धुकं होतं आणि धुक्यातून एक होडी येत होती. सून कुशीवर पडून बघत होती आणि कित्येक दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी हललं होतं.

पण पडल्यापडल्या तिला माउस धरता येईना. हात अवघडायचा. सोमवारी मुलगा हिंजवडीला गेल्यावर ती मला म्हणाली, "आई, तुम्ही धरता का? मी सांगते कुठे न्यायचं."

मी पदराला हात पुसले आणि बसले. हाताखाली ते यंत्र इकडेतिकडे पळायचं. मी दाबून धरलं.

"आई, माउस आहे, लाटणं नाही. हलकं धरा."

बाहेरच्या खोलीतून हे म्हणाले, "तिच्या हाताखाली काहीच हलकं राहत नाही. मला विचार."

खेळातली गोष्ट अशी. एक मुलगी तिच्या मामाला शोधत बेटावर येते. मामा दीपगृहाचा दिवा सांभाळायचा. दिवा विझलाय आणि मामाचा पत्ता नाही. बेटावर एक धक्का आहे, एक दुकान, एक बंद शाळा, चार घरं, टेकडी आणि टेकडीच्या टोकाला दीपगृह. मुलीच्या खांद्याला पिशवी. जे सापडेल ते पिशवीत टाकायचं आणि योग्य ठिकाणी वापरायचं. सगळं इंग्रजीत. मुलगी काही बोलली की सून मला मराठीत सांगायची.

मला आधी वाटलं, पोरखेळ आहे. मग मी दुकानदाराच्या घरातली चूल पाहिली. चुलीच्या बरोबर वरची भिंत काळी होती आणि काळेपणा वर जाताना पसरट होत गेला होता, जसा खरा होतो. उंबरठा मधोमध झिजलेला होता. मोरीत बादली होती, तिच्यावर फडकं वाळत टाकलेलं. खिडकीच्या पडद्याला एका जागी रफू केलं होतं आणि रफूचा दोरा पडद्याच्या रंगाहून किंचित फिका होता. हे पाहून मी थांबलेच. ज्याने कुणी हे चित्र काढलं, त्याने कुणाच्या तरी घरात नीट बसून पाहिलं होतं. घाईत काढणारा माणूस दोऱ्याचा रंग बदलत नाही. तेव्हापासून माझा त्या बेटावर विश्वास बसला.

आम्ही रोज जायला लागलो. सकाळचा स्वयंपाक उरकला की मी स्टूल ओढून बसायची. प्रत्येक वस्तूवर बाण नेऊन दाबलं की ती मुलगी त्या वस्तूबद्दल काहीतरी बोलायची. किटलीवर दाबलं, "अजून कोमट आहे." दोरीवरच्या मोज्यांवर दाबलं, "जोडी नाही जमलेली." पुन्हा त्याच वस्तूवर दाबलं तर दुसरं काहीतरी बोलायची, आणि तिसऱ्यांदा दाबलं की वैतागायची.

"आता काय म्हणाली?" मी विचारायची.

"म्हणाली, आत्ताच पाहिलं ना? मोजे आहेत, मोजेच राहणार."

हे बाहेरून म्हणाले, "ही पोरगी आपल्या पेठेतलीच दिसते. आडनाव काय?"

माझी पंचाईत व्हायची ती दुसऱ्याच्या घरात शिरताना. दार उघडं असलं की सून म्हणायची, "जा आत." मी आधी दारावर दाबायची. दाबलं की ती मुलगी दार वाजवायची, तेवढी सोय खेळात होती. तेलाचा डबा पाहिजे होता तेव्हा तो एका कोळ्याच्या खोपटात होता आणि कोळी घरी नव्हता.

"घ्या आई, पिशवीत टाका."

"विचारल्याशिवाय?"

"अहो, खेळ आहे. सगळं उचलायचंच असतं."

"तो आला आणि डबा दिसला नाही तर?"

"तो येतच नाही. त्याचं काम संपलंय."

"तुला काय माहीत तो येत नाही म्हणून?"

हे दारात येऊन उभे राहिले. "शिकव, शिकव. म्हातारपणी सासूला चोरी शिकव. आणि ती पिशवी काय आहे बघू? शिडी गेली होती ना त्यात काल? मला मंडईत न्यायला अशी एक आणून द्या."

सून हसली. हसली आणि लगेच पोटाला हात लावून गप्प झाली, की हसल्याने काही होईल का. ते तिचं घाबरणं मी पाहिलं. तिने मी पाहिल्याचं पाहिलं. दोघी पडद्याकडे बघायला लागलो.

बेटावर एक म्हातारी होती. एकटीच राहायची, टेकडीच्या पायथ्याशी. पहिल्या भेटीत ती मुलीला म्हणायची, गारठलीस, बस, आणि निळ्या काठाच्या वाडग्यात गरम सूप द्यायची. मुलगी सूप प्यायची आणि वाडगा पिशवीत टाकायची. तो पुढे लागायचा, होडीत पाणी शिरलं की उपसायला. होडीचं काम झालं. वाडगा पिशवीतच राहिला.

तो मला डाचायला लागला. पिशवी उघडली की दिसायचा.

"त्या बाईचं भांडं द्यायचं राहिलंय," मी म्हटलं.

"नाही दिलं तरी चालतं. पुढे काही अडत नाही."

"तिच्या सेटमधलं आहे ते. फडताळात पाच राहिलेत आणि एक जागा रिकामी आहे. मी पाहिलं."

सून उशीवरून मान वळवून माझ्याकडे बघत राहिली. "रिकामी जागा दाखवलीय?"

"मधल्या फळीवर."

"मी लहानपणी परत दिला होता एकदा," ती म्हणाली. "ती नुसतं 'ठेव तिथे' म्हणते. काही होत नाही. पण जाऊ या, तुम्हाला बरं वाटत असेल तर."

आम्ही टेकडी उतरून मागे गेलो. म्हातारीच्या दारापाशी पोचलो आणि मी हात थांबवला.

"रिकामंच द्यायचं?"

"म्हणजे?"

"तिने भरून दिलं होतं ना. रिकामं कसं नेऊन द्यायचं? काहीतरी घालायला पाहिजे."

ह्यात मी काही वेगळं सांगत नव्हते. शेजारणीचं भांडं आलं तर ते धुऊन रिकामं परत करतात का? काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. पेठेत असताना तर एकेक डबा दोन घरांत महिनोन्महिने फिरायचा, कुणाचा मूळचा तेही विसरून जायचं. सोलापूरलाही असंच असणार. पण सुनेची आई ती लहान असतानाच गेली, घरात वडील आणि ती, शेजारी भांडी पाठवायची कुणी?

"पण घालणार काय?" ती म्हणाली. "आपल्याकडे दोरी, तेल आणि खिळे आहेत."

"वर टेकडीला करवंदांसारखी फळं आहेत की."

"ती कशालाच चालत नाहीत आई. मी सगळीकडे देऊन पाहिलीयेत. म्हातारीलासुद्धा. ती म्हणते, राहू दे, तुला होतील."

"हातात दिली असशील."

आम्ही परत टेकडी चढलो. मुलगी हळू चालते, तिच्या कोटाचा घोळ वाऱ्याने उडतो, आणि वर जाताना ती एका ठिकाणी थांबून दम घेते. मला घाई नव्हती. फळं तोडली, पिशवी उघडली आणि सुनेने सांगितलं तशी ती फळं ओढत नेऊन वाडग्यावर सोडली. क्षणभर काही झालं नाही. मग वाडग्याचं चित्र बदललं. निळा काठ तोच, आत लालजांभळी फळं.

"अगं बाई," सून म्हणाली, आणि कोपरावर उठायला लागली.

"पड खाली," मी म्हटलं. तिला मी असं कधी बोलले नव्हते. ती पडली.

म्हातारी झुलत्या खुर्चीत बसलेली असते आणि तुम्ही काहीही केलंत तरी ती खुर्ची झुलत राहते. आम्ही भरलेला वाडगा तिच्यासमोर नेला. खुर्ची थांबली. तिने वाडगा दोन्ही हातांत घेतला. बराच वेळ बघितला. मग उठली, आणि चुलीच्या बाजूचं एक दार, जे मी नुसतं भिंतीवरचं चित्र समजत होते, ते तिने उघडलं.

आत एक छोटी खोली होती. नीट घातलेली खाट, खिडकीतून समुद्र, आणि खिडकीपाशी शिवणयंत्र. यंत्रावर एक मुलीचा झगा अर्धा शिवलेला, सुईत दोरा तसाच. मी दोरा पाहिला. झग्याच्या रंगाचाच होता. म्हातारी म्हणाली, "बस. बाहेर थंडी आहे." मुलगी खाटेवर बसली. म्हातारीने चहा ओतला, वाफ निघाली.

"काय म्हणतेय ती?" मी विचारलं.

सून एकेक वाक्य सांगू लागली. "तिची मुलगी समुद्रापलीकडे गेली. म्हणते, लोक येतात, सूप पितात, जातात. भांडं असं परत आलं की वाटतं, घरातलंच कुणी आलं."

पुढे म्हातारी काही बोलली नाही. त्या दोघी बसून राहिल्या. मी बाण सगळीकडे फिरवला. खाटेवर, यंत्रावर, खिडकीवर. उचलण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. ना किल्ली, ना कसली खूण. ती खोली खेळ पुढे न्यायला लागतच नव्हती. कुणीतरी ती नुसतीच केली होती, एवढ्या बारकाईने, ह्या आशेवर की कधीतरी कुणीतरी ते भांडं भरून परत आणेल. आणलं नाही तर खोली बंद राहील, हेही त्याने चालवून घेतलं होतं. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. माझ्या फॉलचे आतले टाके कुणी पाहायचं नाही, तरी मी ते सरळ घालायची. पण अख्खी खोली!

सून रडत होती. आवाज न करता, उशीत तोंड अर्धं घालून.

"शाळेतून आले की घरी कुणी नसायचं," ती म्हणाली. "मी खेळ लावून हिच्याकडे यायचे. पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे, सूप देते म्हणून. हे दार मी किती वेळा ढकलून पाहिलं असेल."

मी स्टूल सरकवलं आणि तिचे पाय मांडीवर घेऊन चेपायला लागले. सुजले होते.

"आई, काय करताय! सासूने सुनेचे पाय धरायचे नसतात."

"गप्प पड. तुझे पाय सुजलेत."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला फार भीती वाटते. रोज सकाळी उठले की आधी चादर बघते."

"मलाही वाटते," मी म्हटलं. "तू आत गेलीस आणि वेळ लागला की मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी असते. कान लावून."

"माहीत आहे. तुमच्या बांगड्या वाजतात."

गेल्या वर्षाबद्दल ती त्या दिवशी प्रथम बोलली. मी ऐकलं. तिने काय सांगितलं ते इथेही लिहीत नाही, ते तिचं आहे. हे मध्ये एकदा दारापर्यंत आले, आत पाहिलं, परत गेले, आणि चहा करून दारात ठेवून गेले. साखर विसरले होते.

त्यानंतर सातवा महिना लागला आणि आम्हाला जरा धीर आला. त्यातच एका दुपारी मी कुकर लावत असताना तिने हाक मारली. "आई, पोट दगडासारखं होतंय. सुटतंय आणि परत होतंय." मी मुलाला फोन लावायला ह्यांना सांगितलं. हे गप्प होते. काहीही टोमणा न मारता गप्प असलेले हे पाहिले आणि मी गॅस बंद करून तिची पिशवी भरायला घेतली.

दवाखान्यात तिला चौघींच्या खोलीत ठेवलं. हातात सलाईन, पोटावर पट्टा, पट्ट्याच्या यंत्रातून कागद निघायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कळा थांबवायचं औषध सुरू केलंय. बाळाच्या फुफ्फुसासाठी इंजेक्शन दिलंय. अजून काही आठवडे बाळ आतच राहायला हवं. तुम्ही फक्त शांत पडून राहा." पुरुषांना बाहेर थांबवलं. मी आत.

शांत पडून राहा म्हणणं सोपं. ती खाटेचा लोखंडी दांडा धरून पडली होती, बोटं पांढरी झाली होती. कळ आली की श्वास धरायची.

"आई, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. मला ह्या यंत्राचा आवाज नको ऐकायला."

खोलीत तीन परक्या बायका, त्यांच्याबरोबरची माणसं, येणारी जाणारी नर्स. एवढ्यांच्या समोर मी जन्मात तोंड उघडलं नव्हतं. तिने पुन्हा दांडा घट्ट धरला. मी तिच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत म्हटलं, "आपण धक्क्यावर उतरलो."

ती थांबली.

"धुकं आहे. फळ्या ओल्या आहेत, डावीकडची तिसरी फळी मोडकी. खांबाला दोर गुंडाळलाय, त्याच्यावर एक पांढरा पक्षी बसलाय, आपण जवळ गेलो की उडतो आणि पुढच्या खांबावर बसतो. पुढे दुकान. दुकानाच्या खिडकीत मेलेल्या माशा आहेत, तीन-चार, कोपऱ्यात. दाराला घंटी आहे. आधी घंटी वाजवू."

मी असं एकेक करत गेले. दुकानातल्या बरण्या, कुठल्या बरणीचं झाकण नीट बसत नाही ते. शाळेच्या फळ्यावरचं अर्धं पुसलेलं गणित. ज्या पायरीवर मांजर झोपतं ती पायरी. मला सगळं दिसत होतं. मला त्यातलं इंग्रजी वाचता येत नव्हतं म्हणून मी पाहिलं होतं. सून डोळे मिटून ऐकत होती. कळ आली की मी बोलणं थांबवायची नाही, आवाज जरा हळू करायची, आणि त्या मुलीला टेकडीवर दम घ्यायला उभी करायची.

शेजारच्या खाटेवर मांजरीकडची एक बाई होती. तिच्या बोलण्यावरून मला माझ्या माहेरची वाटली. तिचे दिवस भरत आले होते आणि बी.पी.मुळे ठेवलं होतं. ती मध्येच म्हणाली, "कुठलं गाव हाय हो हे?"

मी दचकले. "लांबचं आहे. समुद्रातलं."

"तुमचं मायार का?"

सुनेच्या पोटावरचा पट्टा हलला. ती हसत होती. "हो," ती डोळे न उघडता म्हणाली, "आमचं दोघींचं."

"बरं. मंग त्या पोरीचा मामा घावला का न्हाई?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"मंग सांगा की फुडं. मांजरापाशी का थांबलाव?"

नर्स आली आणि म्हणाली, "आजी, जरा हळू, हा वॉर्ड आहे." मी एकदम गप्प झाले. तर मांजरीची बाई तिला म्हणाली, "ओ सिस्टर, तुमी तुमची सुई लावा. मामा हरवलाय हितं." नर्सने कागद पाहिला, सलाईनचा थेंब कमी-जास्त केला, आणि मी पुन्हा सुरू केलं तेव्हा ती लगेच गेली नाही.

आम्ही म्हातारीच्या घरी पोचलो तोवर कळांमधलं अंतर वाढलं होतं. मी आतल्या खोलीचं दार उघडलं, मुलीला खाटेवर बसवलं, चहाची वाफ सांगितली. पुढे काय सांगावं कळेना, कारण तिथे पुढे काही नसतं. म्हणून मी खिडकीतला समुद्र सांगत राहिले. लाट येते, थांबते, जाते. सुनेची बोटं दांड्यावरून सुटली होती. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी लांबलचक कागद हातात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "छान. शांत झालंय." सून झोपली होती. मला उठता येईना, पायाला मुंग्या आल्या होत्या.

तिला घरी सोडलं. पुढच्या आठवड्यांत आम्ही खेळ पूर्ण केला. मामा सापडला, दिवा लागला, सगळं बेट उजळलं, फार सुंदर केलंय ते. सून म्हणाली, परत पहिल्यापासून लावायचं का? मी म्हटलं, लाव.

मग टाका काढला आणि थोड्या दिवसांत बाळ झालं. वेळेच्या जरा आधीच, पोट कापून. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. दाराआडून रडणं ऐकू आलं, बारीक पण इतकं रागावलेलं की बाकावरची सगळी माणसं वर बघायला लागली. मुलाने तोंड हातात झाकून घेतलं. हे म्हणाले, "आल्या आल्या तक्रार. पुण्याचीच आहे." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मुलगी होती. वजन कमी म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं, वरच्या मजल्यावर. सुनेला टाक्यांमुळे उठता येत नव्हतं. तिला बाळ नुसतं एकदा लांबून दाखवलं होतं. आत एकाच बाईला सोडत होते. मुलाने मला पुढे केलं. मी हात कोपरापर्यंत धुतले, अंगावर त्यांचा हिरवा झगा घातला, आणि पेटीपाशी उभी राहिले. नर्स म्हणाली तेवढा वेळ उभी राहिले. मग खाली आले.

सून दाराकडेच डोळे लावून होती. "त्याने काचेबाहेरून फोटो काढलाय," मी म्हटलं, "दाखवेल तुला."

"फोटो नको. तुम्ही सांगा. काही सोडू नका."

मी स्टूल ओढलं. "डोकं तुझ्या मुठीपेक्षा थोडं मोठं. केस आहेत, काळे, मागच्या बाजूला दाट, पुढे विरळ. कपाळावर लव आहे. भुवया अजून आल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. डोळे मिटलेले, पण आत बुबुळं फिरतात, पापण्या हलतात. ओठ चोखल्यासारखे करते. बोटं लांब आहेत. नखं वाढलीयेत, पातळ, कागदासारखी. डाव्या पायाचा अंगठा वर उचलून धरते. उजवा कान जरा दुमडलेला आहे."

"दुमडलेला?" ती उठायला लागली. "का? काय झालंय?"

"पड खाली. पोटात दाबून झोपली होती, दुसरं काय. तुझ्या नवऱ्याचाही तसाच होता, जन्मला तेव्हा. चार दिवसांत सरळ झाला."

"नक्की?"

"नक्की. मी तेल लावायची."

ती पडली. डोळे मिटून म्हणाली, "हं. मग? डाव्या पायाचा अंगठा, पुढे?"